ओझरच्या दुसऱ्या धावपट्टीआधी जमाखर्च पूर्ण मांडा

प्रति,
नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरण,
हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड (एचएएल), ओझर,
आणि जिल्हा प्रशासन, नाशिक

सप्रेम नमस्कार.

ओझर विमानतळावर दुसरी समांतर धावपट्टी होणार, टर्मिनल वाढणार आणि २०२७ च्या सिंहस्थाआधी जमेल तेवढे काम उरकायचे, हे आम्ही गेले काही महिने वर्तमानपत्रांतून वाचतो आहोत. मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. माझ्या बागेवरून विमाने जातात. माझी मुलगी बेंगळुरूला नोकरी करते आणि दिवाळीला ओझरलाच उतरते. विमानतळ झाल्याचा आनंद आमच्या घरातही आहे, तेव्हा ‘विमानतळ नको’ म्हणणाऱ्यांतला मला समजू नका. मागणी एवढीच आहे की वाढीव विमानतळाचा फायदा कुणाला आणि किती, आणि त्यापायी हवा, पाणी, जमीन यांचे काय मोल द्यावे लागेल, हे दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडा. तो कागद आधी आमच्यापुढे ठेवा आणि मग काम सुरू करा.

आजवर आमच्यापर्यंत फक्त जमेची बाजू आली. उद्योग येतील, पर्यटन वाढेल, शेतमाल परदेशी जाईल. खर्चाच्या बाजूला निविदेची रक्कम सोडली तर दुसरे काही दिसत नाही.

जमेची बाजू खोटी आहे असे मी म्हणत नाही. १९६४ साली एचएएलचा मिग विमानांचा कारखाना ओझरला आला तेव्हापासून या भागातल्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते आहे. सुखोई इथे जुळली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचे उद्घाटनही इथेच झाले. एअरबसच्या ए-३२० जातीच्या विमानांची देखभाल-दुरुस्ती नाशिकला करण्याचा करार एचएएलने केला आहे. हे काम उभे राहिले तर आयटीआय झालेल्या पोरांना पुण्या-मुंबईच्या गाड्या धरायला नकोत. माझ्या मते या विमानतळाचा सगळ्यात खरा आर्थिक फायदा हाच आहे. तो धावपट्टीमुळे मिळतो, पण रोज किती प्रवासी उडाले यावर फारसा अवलंबून नसतो. दुरुस्तीला येणारे विमान रिकामे येते आणि रिकामे जाते. म्हणून एचएएलच्या कामाचा फायदा आणि प्रवासी वाढीचा फायदा यांची मोट एकत्र बांधू नका. पहिल्याच्या नावावर दुसऱ्याला मंजुरी मिळू नये, आणि उलटही होऊ नये.

दुसऱ्या धावपट्टीची गरजही समजू शकते. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर धावपट्टीच्या कामासाठी इथली विमानसेवा पंधरवडाभर बंद होती. एकच धावपट्टी, तिच्यावर लढाऊ विमानांच्या चाचण्याही आणि प्रवासी विमानेही, म्हणजे अडचण होणारच. पण दोन धावपट्ट्या झाल्या की क्षमता दुप्पट होते, हा समज मात्र बरोबर नाही. दोन समांतर धावपट्ट्यांवर एकाच वेळी, एकमेकींची वाट न पाहता, उपकरणांच्या आधारे विमाने उतरवायची तर त्यांच्यात किमान १,०३५ मीटर अंतर लागते. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ओझरला हे अंतर किती राहणार? त्याहून कमी असेल तर नवी धावपट्टी मुख्यतः पर्यायी म्हणून कामी येईल. तेही उपयोगाचेच आहे. पण मग ‘दुप्पट विमाने, दुप्पट पर्यटक’ हे गणित अहवालातून काढून टाकावे लागेल. साधा नकाशा प्रसिद्ध केलात तरी हा प्रश्न मिटतो.

आता शेतमालाबद्दल. यावर मी अधिकाराने बोलू शकतो.

विमानतळ वाढला की नाशिकची द्राक्षे थेट युरोपात, असे भाषणांत हमखास येते. द्राक्ष विमानाने जात नाही हो. पहाटेपासून घड काढायचे, पॅकहाऊसला मणी विंचरायचे, पेटीत पॅड घालून भरायचे, प्रीकूलिंगला लावायचे आणि रात्री रीफर म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्याला लागतो. तिथून रॉटरडॅमला जहाजाने तीन आठवडे आणि वर काही दिवस. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले तेव्हा हाच माल आफ्रिकेला वळसा घालून गेला, आणखी दोन आठवडे लागले, तरीही तो जहाजानेच गेला. किलोमागे विमानाचे भाडे द्राक्षाला झेपतच नाही. निर्यातदाराला हवे आहे ते बंदरापर्यंत न खोळंबणारा रस्ता, वेळेवर मिळणारा कंटेनर, गावाजवळ शीतगृह आणि रात्रभर टिकणारी वीज. लासलगावच्या कांद्याचीही तीच गोष्ट.

विमानाचा खरा फायदा होईल तो फुलांना. जानोरी-मोहाडीच्या पॉलिहाऊसमधला गुलाब जवळून पाहिलात तर कळेल. कळी अर्धवट मिटलेली असतानाच कापायची, लगेच बादलीत पाण्यात उभी करायची, दांड्याच्या लांबीप्रमाणे प्रतवारी करायची, वीस-वीसची गड्डी बांधून कागदात गुंडाळायची आणि संध्याकाळी दादरच्या बाजाराची गाडी गाठायची. या मालाला एकेक तास मोलाचा असतो. दिल्लीच्या विमानाच्या पोटात रोज थोडी जागा या गड्ड्यांसाठी राखून ठेवली आणि विमानतळावर छोटी शीतखोली दिली, तर आमच्या शेजारच्या गावांना उद्यापासून फायदा होईल. त्याला दुसरी धावपट्टी लागत नाही. कार्गोची सोय एचएएलने कंटेनर कॉर्पोरेशनबरोबर फार आधीपासून उभी केली आहे. ती पूर्ण वापरली जाते का, हे आधी बघा.

कुंभमेळ्याचे कारणही तपासून पाहावे लागेल. समजा तासाला दहा विमाने उतरवली, प्रत्येकात १८० माणसे आणि चोवीस तासांत क्षणाचीही उसंत नाही. तरी दिवसाला ४३ हजार माणसे होतात. ओझरला एवढे प्रत्यक्षात होणे शक्यच नाही. २ ऑगस्ट २०२७ च्या पहिल्या अमृतस्नानाला लाखोंनी लोक येतील, आणि ते रेल्वेने, एसटीने, ट्रॅव्हल्सने, ट्रॅक्टर-टेम्पोने येतील. नाशिक रोड स्थानकाचे फलाट, मनमाड-इगतपुरी मार्गाची क्षमता, शहराबाहेरच्या वाहनतळांपासून घाटापर्यंतच्या बसगाड्या, यांवर सिंहस्थ निभावणार आहे. विमानतळाचे काम करायचे तर जरूर करा, पण ‘कुंभ आहे, वेळ नाही, सुनावणी नंतर पाहू’ असे कुणी म्हणू नये. तेवढ्यासाठी हे गणित मांडले.

घाईचा परिणाम आपण नुकताच पाहिला आहे. साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभात साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तपोवनातली सुमारे अठराशे झाडे तोडण्याची वा हलवण्याची नोटीस निघाली आणि २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये नाशिककर रस्त्यावर उतरले. प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. लोक साधूंच्या विरोधात होते का? मुळीच नाही. पर्याय काय काय तपासले हे कुणी आधी सांगितलेच नाही, याचा तो राग होता.

आता खर्चाच्या बाजूकडे येतो.

एक किलो विमान-इंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ओझर ते दिल्ली हवाई अंतर साधारण हजार किलोमीटर. एवढ्या उड्डाणाला १८० आसनी विमान तीन टनांहून अधिक इंधन खाते, म्हणजे एका फेरीला दहा टनांच्या आसपास कार्बन. रोज एकदा जाणे आणि एकदा येणे धरले तर वर्षाला सात हजार टन. हा माझा ढोबळ अंदाज आहे आणि तो फक्त एका शहराच्या एका विमानाचा आहे. आपल्या तज्ज्ञांनी नेमका काढावा. जगात माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात विमानांचा वाटा साधारण अडीच टक्के आहे. उंचावर विमानामागे उमटणारे पांढरे पट्टे आणि इतर वायूंचा परिणाम धरला तर तापमानवाढीतला वाटा साडेतीन टक्क्यांच्या घरात जातो. हा वाटा लहान वाटतो खरा, पण जगातली बहुसंख्य माणसे वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत, हे विसरून चालणार नाही.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नाशिकचा माणूस पूर्वी दिल्लीला जायचा तर टॅक्सी करून कसारा घाट उतरून मुंबई विमानतळ गाठायचा. तो ओझरहून गेला तर ते डिझेल वाचते, वेळ वाचतो, शिणही वाचतो. अशा प्रवाशामुळे पर्यावरणाचा तोटा होत नाही, कदाचित थोडा फायदाच होतो. पण जो प्रवासी आधी रेल्वेने जायचा किंवा जातच नव्हता, आणि आता स्वस्त तिकीट दिसले म्हणून उडतो, त्याचे उत्सर्जन पूर्ण नवे असते. वाढीव प्रवाशांपैकी वळलेले किती आणि नवे किती, यावर सगळा हिशेब उभा आहे. तिकीट काढताना किंवा टर्मिनलवर चार प्रश्न विचारले तरी हे कळेल. शिर्डीचा विमानतळ २०१७ पासून चालू आहे, नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे सुरू झाली, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. या तिन्हींमुळे ओझरचे प्रवासी वाढतील की कमी होतील? याचे उत्तर नसलेल्या अहवालातल्या प्रवासीसंख्येवर भरवसा कसा ठेवायचा?

पर्यटनाच्या उत्पन्नाबद्दलही हाच आग्रह आहे. गोव्याच्या विमानाने नाशिकला पाहुणे येतात, तसे नाशिककरही सुट्टीला गोव्याला पैसे खर्च करून येतात. येणारा पैसा मोजायचा आणि जाणारा सोडून द्यायचा, हे हिशेबात बसत नाही.

‘हरित विमानतळ’ या घोषणेबद्दल मला विशेष काळजी वाटते. कोचीचा विमानतळ २०१५ पासून पूर्णपणे सौरऊर्जेवर चालतो, ही कौतुकाची गोष्ट आहे आणि ओझरलाही तसे व्हावे. आमच्याकडे ऊन कमी नाही. पण सौरपट्ट्यांमुळे वाचते ती टर्मिनलच्या दिव्यांची आणि एसीची वीज. विमानतळाशी जोडलेल्या उत्सर्जनाचा फार मोठा भाग आकाशात जळणाऱ्या इंधनाचा असतो आणि तो टर्मिनलच्या हिशेबात धरलाच जात नाही. पुन्हा अडचण अशी की कार्बनभरपाईची ‘कॉर्सिया’ ही जागतिक योजना भारताला २०२७ पासून लागू होते, ती फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांना. शाश्वत विमान-इंधन एक टक्का मिसळण्याचे २०२७ चे उद्दिष्टही आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठीच आहे. ओझरची प्रवासी विमाने देशांतर्गत. म्हणजे ही दोन्ही बंधने आमच्या डोक्यावरच्या विमानांना लागू होत नाहीत. या बंधनांबाहेर राहणारे हे उत्सर्जन निदान आपल्या अहवालात तरी यावे.

एका जिल्ह्याच्या विमानांनी हवामान बदलत नाही, हे मला कळते. पण त्या बदलाची झळ कुणाला बसते ते येऊन पाहा. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि फुलोऱ्यातल्या, मणी धरलेल्या बागा एका संध्याकाळी गेल्या. २०२५ ला तर मे महिन्यातच पाऊस लागला तो दिवाळीपर्यंत हटला नाही. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायला ऊन लागते, तेच मिळाले नाही. ऑक्टोबरला फळासाठीची गोडी छाटणी केली आणि डोळे फुटले तर कित्येक वेलींना नुसता पाला, घडच नाही. वर्षभराची खते, औषधे, मजुरी आणि सोसायटीचे कर्ज अंगावर. बागेवर कुऱ्हाड चालवणारे शेतकरी मी माझ्या शिवारात पाहिले आहेत. हवामानाची किंमत आमच्याकडे अशी वसूल होते, त्यामुळे ती खर्चाच्या रकान्यात लिहा म्हणण्याचा हक्क आम्हाला आहे असे मी मानतो.

पाण्याचा हिशेब याहून जवळचा आहे. तीन किलोमीटर लांब आणि ४५ मीटर रुंद धावपट्टी धरली तर साडेतेरा हेक्टर जमीन झाकली जाते. टॅक्सी-वे, ॲप्रन (विमाने उभी करण्याची जागा) आणि वाहनतळ वेगळे. एका दमदार पावसात १०० मिलिमीटर पडले तर एकट्या धावपट्टीवरून १ कोटी ३५ लाख लिटर पाणी वाहून जाते. आज त्यातले बरेच मुरते आणि आसपासच्या विहिरींना लागते. उद्या ते पाणी रबराचा अंश आणि तेल घेऊन ओढ्यांतून बाणगंगेकडे धावेल. ओझर म्हणजे पाणीवाटपाची शिस्त राज्याला दाखवणारे गाव. वाघाड प्रकल्पावरच्या पाणी वापर संस्था आणि बाणगंगेवरचे बंधारे बघायला बाहेरून लोक येतात. त्याच गावाला वरून येणाऱ्या पाण्याचा आराखडा विचारण्याची पाळी येऊ नये. धावपट्टीच्या दोन्ही अंगांना तेल अडवणारे हौद, गाळ बसवणारी तळी आणि पुनर्भरणाचे चर निविदेतच हवेत, आणि त्यांच्या देखभालीचा खर्चही.

खरा मोठा फटका बसेल तो कुंपणाबाहेर. धावपट्टी एचएएलच्या हद्दीत बसली तरी विमानतळाच्या बातमीबरोबर भोवतालच्या जमिनीचे भाव चढतात. बांधावर आधी दलाल येतो, मग एनए प्लॉटचा फलक, मग बोअर, आणि शेजारच्या बागेची विहीर आटते. ज्याला विकायचे त्याने विकावे, त्याला मी कोण अडवणार? पण जानोरी, मोहाडी, ओझर भागातली बागायत जमीन पुढच्या वीस वर्षांत किती उरावी, याचा विचार प्रादेशिक आराखड्यात आजच व्हायला हवा. भाव फुटल्यावर झोनिंग करून काही होत नाही.

पक्ष्यांचा मुद्दा थोडक्यात मांडतो. नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे) पाणथळ क्षेत्र याच जिल्ह्यात, निफाड तालुक्यात आहे. हिवाळ्यात तिथे परदेशी पाहुणे उतरतात. विमानांच्या संभाव्य मार्गांचा आणि पक्ष्यांच्या हालचालींचा एक पूर्ण हंगाम अभ्यास व्हावा, अर्धा महिना फिरून केलेला नको. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा टाकायला मनाई आहे. मग रस्त्याकडेला टाकला जाणारा सडका कांदा आणि भाजीपाला कुठे न्यायचा, त्याची सोयही याच प्रकल्पातून करा.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत विमानतळ येतात. त्याच अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. ओझरची धावपट्टी एचएएलची, विमाने मात्र प्रवासी आणि लढाऊ दोन्ही. मग दुसरी धावपट्टी कोणत्या खात्यात बसवली आहे? संरक्षणाची गुपिते आम्हाला नकोत. पण प्रवासी वाढीचे फायदे सांगून जो खर्च मंजूर होतो, त्याची सुनावणी संरक्षणाच्या नावाखाली टळू नये. सूट लागू असली तरी स्वखुशीने सुनावणी घ्यायला कुठला कायदा आड येत नाही.

आणि एक विचारायचे राहिले. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओ (रबरी टायरवर धावणाऱ्या) मेट्रोसाठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, ती अजून कागदावरच आहे. नाशिक-पुणे रेल्वे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला अडथळा होईल या प्रश्नावर अडली आणि मार्ग बदलण्यातच वर्षे गेली. रोज पुण्याला जाणाऱ्या-येणाऱ्या आमच्या मुलांचा जीव सिन्नर-संगमनेर रस्त्यावर टांगणीला असतो. विमानतळासाठी जेवढी तडफ दाखवली जाते, तेवढी या दोन कामांसाठी दाखवली तर जास्त माणसांचा प्रवास सुधारेल आणि धूरही कमी होईल. अहवालात पर्यायांचे एक प्रकरण असतेच, त्यात रेल्वेचा पर्याय नीट आकड्यांसह यावा.

सुनावणी जानोरीत किंवा ओझरला घ्या, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात नको. नियमाने फक्त सारांश मराठीत द्यावा लागतो, आपण पूर्ण अहवाल मराठीत द्या. तीस दिवस आधी तो आसपासच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत ठेवा. तारीख ठरवताना फेब्रुवारी-मार्च टाळा. तेव्हा द्राक्षकाढणी ऐन भरात असते, बागायतदार आणि मजूर दोघांनाही बाग सोडून येता येत नाही. ऑक्टोबर छाटणीचे पंधरा दिवसही सोडा. जूनमध्ये पेरणीआधीचा एखादा दिवस ठेवा, आम्ही सगळे येऊ.

आपला,
दिंडोरी तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार